बास गिटारीच्या तारा कशा निवडाव्या?

तंबोऱ्याच्या तारा बदलणें हें आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचें काम आहे. परंतु घरांतील मुलानें विजेच्या बास गिटारीसाठीं तारांचा नवा संच मागितला, म्हणजे वडील माणसें गोंधळून जातात. या चार तारांची किंमत थोडीथोडकी नसते, आणि पाकिटांवरील आंकड्यांवरून कांहींच बोध होत नाहीं.

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. मर्सेन नांवाच्या फ्रेंच पंडितानें हा नियम १६३६ सालीं ग्रंथांत मांडला. बासच्या सर्वांत जाड तारेला सेकंदास अवघीं सुमारें ४१ कंपनें हवीं असतात. वाद्याची लांबी वाढवितां येत नाहीं, ताण फार सैल करितां येत नाहीं; राहतें वजन. पण नुसती जाड पोलादी तार सळईसारखी ताठ होते व बेसूर बोलते. म्हणून बारीक पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवितात. हें वेष्टन कोणत्या प्रकारचें, हाच निवडींतील मुख्य प्रश्न होय.

लिओ फेंडर यानें कॅलिफोर्नियांत १९५१ सालीं आपली प्रसिद्ध बास बाजारांत आणली, तेव्हां तिच्यावर चपट्या पट्टीचें वेष्टन असलेल्या गुळगुळीत तारा असत. गोल तारेचें वेष्टन पुढें, १९६६ च्या सुमारास, इंग्लंडांतील रोटोसाउंड कंपनीनें जॉन एन्टविसल या वादकाच्या साहाय्यानें लोकप्रिय केलें. त्याचा नाद झणझणीत, जवारी उघडलेल्या तंबोऱ्यासारखा. मात्र ती तार पडदे अधिक झिजविते, बोट सरकतांना चरचरते, आणि घामामळानें तिचें तेज कांहीं आठवड्यांत मंदावते. चपटी तार बहुधा महाग. पण तिचा भरीव, मऊ खर्ज वर्षानुवर्षें टिकतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन ध्वनिमुद्रिकांवर वाजविणारा जेम्स जेमर्सन असल्याच तारा वापरी व त्या तुटल्याखेरीज सहसा बदलीत नसे. मुलगा अंगठ्यानें तार आपटून वाजवीत असेल तर गोल वेष्टन घ्यावें; भावगीताच्या साथीला मला तरी चपटेंच गोड वाटतें.

पाकिटावरील ४५, ६५, ८५, १०५ हे आंकडे इंचाच्या हजाराव्या भागांत तारांची जाडी दाखवितात. जाड तार त्याच स्वरासाठीं अधिक ताण घेते. एकेका तारेचा ताण सुमारें ४० पौंड असतो. जाडी एकदम बदलली तर दांडीचा बांक बदलतो, आणि आंतील पोलादी कांब कारागिराकडून पुन्हां जुळवून घ्यावी लागते. नवशिक्यानें वाद्यावर असलेलीच जाडी चालू ठेवावी, हें बरें. दुकानांत जाण्यापूर्वीं खुंट्यांजवळच्या ज्या पट्टीवरून तारा उतरतात, तेथपासून बाराव्या पडद्यापर्यंतचें अंतर मोजून दुप्पट करावें. बहुधा तें ३४ इंच भरतें. लहान वाद्याचें ३०. तारा त्याच मापाच्या मागाव्या.

तंबोऱ्याची पितळी तार चढवून काम भागेल काय, असें मला एका गृहस्थांनीं विचारलें. भागणार नाहीं. विजेची गिटार लोहचुंबकाच्या योगें तारेचें कंपन टिपते, आणि पितळेस चुंबक ओळखीत नाहीं.

मंद झालेली गोल वेष्टनाची तार टाकून देण्यापूर्वीं १० मिनिटें पाण्यांत उकळावी व पुसून पूर्ण वाळवावी. वेष्टनांतील मळ निघून तिचा आवाज कांहीं दिवस पुन्हां उजळतो. पातेलें मात्र स्वयंपाकघरांतलें घेऊं नये.