सुटी जवळची, मुक्काम उरणच्या किनारी

मे महिना आला की घरोघरी एकच विषय निघतो: यंदा मुलांना कुठे न्यायचे? लांब जावे तर खर्च झेपत नाही. गावी जावे तर घरातल्या बाईची सुटी होतच नाही. माहेर असो की सासर, पंधरा-वीस माणसांची चूल तिची वाटच पाहत असते. मग अर्धी मे संपते आणि मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात.

यावर एक साधी वाट आहे. इंग्लंडमध्ये बेताच्या मिळकतीची कुटुंबेही समुद्राजवळच्या गावात काही दिवसांसाठी छोटे घर भाड्याने घेतात. एक दिवस बाजाराच्या गावात, एक दिवस किनाऱ्यावर, उरलेला वेळ घरात. १९३८ साली तिथे पगारी रजेचा कायदा झाला आणि कामगार कुटुंबांनाही अशी सुटी परवडू लागली.

आपल्या समाजालाही ही चाल नवी नाही. मुंबईच्या तैयबजी घराण्याचा अलिबागजवळच्या किहीमशी जुना संबंध होता. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० मध्ये पत्नी तहमिना यांच्यासह किहीमला राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. या घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवत. घरातले लहानमोठे, स्त्री-पुरुष त्यांत आपापले अनुभव लिहीत. आपणही दोनशे पानी वही बरोबर न्यावी. दादीने सांगावे, नातवाने लिहावे.

द्रोणागिरीला पोचायचे कसे?

कुर्ला, मुंब्रा, पनवेलकडच्या कुटुंबांना द्रोणागिरी आणि उरण आता जवळ आले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वेचे आणि त्याच दिवशी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल मिळते. गाड्या हार्बरइतक्या वरचेवर नसतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचही येते. या अंतरात माणूस मुसाफिर ठरत नाही, तेव्हा नमाज पूर्णच पढायची.

तीन दिवस कसे घालवाल?

पहिला दिवस उरणच्या बाजाराचा. कोळी आणि आगरी बायकांच्या पाट्यांपुढे मुलांना उभे करा, मासळीची नावे त्यांच्याकडूनच ऐकू द्या. दुसरा दिवस किनाऱ्याचा. पिरवाडीला हे नाव तिथल्या पीराच्या दर्ग्यावरून पडले. सकाळी लवकर गेले की गर्दी नसते, आणि घरातल्या बायकांना मोकळेपणाने वाळूत बसता येते. तिसऱ्या दिवशी करंजा. तिथून रेवसला बोट जाते. तीच वाट रस्त्याने धरली तर पेण-वडखळचा मोठा वळसा पडतो. घारापुरी बेट उरण तालुक्यातच आहे. तिथली लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि सोमवारी बंद असतात. बोट कुठलीही असो, जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालायचेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीचा झालेला भीषण अपघात विसरू नये.

भरती ओळखा

किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. आपल्या घरी हिजरी कॅलेंडर असते. त्या तारखेत एक-दोन मिळवले की साधारण तिथी येते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पुनवेच्या आसपास उधाण असते, तेव्हा लहान मुलांना पाण्यात सोडू नये. हा हिशोब अंदाजाचा आहे. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावेच. पावसाळ्यात तर समुद्रापासून लांबच राहावे.

घर घेताना

नाव ऐकल्यावर खोली नाकारल्याचा अनुभव आपल्यातल्या काहींना येतो. म्हणून फोनवरच पूर्ण नाव, माणसे किती आणि दिवस किती हे स्पष्ट सांगावे. मुलाबाळांसह दारात उभे राहून नकार ऐकण्यापेक्षा ते बरे. पाणी किती वेळ येते, संडास घरात आहे का, दादीला जिने चढावे लागतील का, भाड्यात जेवण धरले आहे का, हे विचारून संदेशात लिहून घ्यावे.

मुख्य गोष्ट चुलीची. भाड्याचे घर घेऊन अम्मीनेच तीन वेळा रांधायचे असेल, तर तिच्यासाठी फक्त स्वयंपाकघर बदलले. निघण्याआधीच ठरवा: सकाळचा चहा-नाश्ता अब्बांचा, भांडी मोठ्या मुलांची, एक वेळचे जेवण गावातल्या एखाद्या बाईकडून पैसे देऊन. तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण असले की हलालचाही प्रश्न उरत नाही. त्या घरालाही चार पैसे मिळतात. पैगंबर (स.) घरकामात हातभार लावत, हे आपण मुलांना शिकवतो. सुटीत ते करून दाखवता येते.

ही जमीन कोणाची?

द्रोणागिरीच्या उंच इमारती पूर्वीच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभ्या आहेत. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मुलांना हे सांगा. मग भाकरी देणाऱ्या काकूंशी ती अदबीने बोलतील आणि किनाऱ्यावर चिप्सची पाकिटे टाकणार नाहीत.

तीन दिवसांचे प्रवासभाडे, घर आणि जेवण असा हिशोब आजच मांडा आणि दर महिन्याला थोडे बाजूला टाका. कर्ज काढून केलेल्या सुटीचा शीण वर्षभर जात नाही. थंडीचे दिवस या किनाऱ्याला उत्तम. नाताळच्या सुटीपर्यंत रक्कम जमेल, इन्शाअल्लाह.