ड्रायर घ्यायचा, पण कोणता?

जून लागला की आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात एक दोरी वाढते. भिंतीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत. तिच्यावर मुलांचे गणवेश, कामावरचा शर्ट, साड्या, चादरी लोंबकळत असतात आणि खाली त्याच दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप चाललेली असते. तीन दिवस झाले तरी गणवेश ओलाच. कपड्यांना कुबट वास, भिंतीला बुरशी, लहान्याला खोकला. सकाळच्या घाईत ओल्या गणवेशावर इस्त्री फिरवून वाफा काढणारी आई कोणत्या घरात नाही?

म्हणून आता पुष्कळ घरांत "हप्त्यावर एक ड्रायर घेऊन टाकू" अशी बोलणी सुरू आहेत. हा विचार चुकीचा नाही. चादरी पिळून पिळून जिची मनगटे दुखतात, तिला यंत्राची मदत मिळाली तर ती चैन नव्हे. मात्र घेताना फसगत होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका दुकानात गेलो. विक्रेत्याला विचारले, "हा ड्रायर पाणी पिळून काढतो, की गरम हवेने कपडे सुकवतो?" तो म्हणाला, "ताई, दोन्ही ड्रायरच!" खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे एकाच नावाने दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात.

पहिले म्हणजे गरगर फिरून कपड्यातले पाणी बाहेर फेकणारे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनची दुसरी टाकी ती हीच. नुसता फिरणारा ड्रायर वेगळाही मिळतो. दुसरे म्हणजे गरम हवा सोडून पाण्याची वाफ करणारे मोठे यंत्र.

आता हिशेब पाहू. हाताने पिळलेल्या ५ किलो सुती कपड्यांत साधारण ५ लिटर पाणी उरते. चांगल्या वेगाने फिरवले तर ते ३ लिटरच्या आसपास येते. म्हणजे २ लिटर पाणी गेले. पाच-पाच मिनिटे दोनदा फिरवायला एका युनिटचा पंचविसावा भागही लागत नाही. तेच २ लिटर पाणी उष्णतेने घालवायचे तर सव्वा युनिटहून अधिक वीज लागते, कारण १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता खर्च होते. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीने तो बदलत नाही. पाणी पिळून काढायला पैसे लागतात, तापवून काढायला रुपये!

साध्या गरम हवेच्या ड्रायरला ५ किलो कपड्यांच्या एका घाण्याला ३ युनिटच्या आसपास वीज लागते. एक दिवसाआड लावला तर महिन्याला ४५ युनिट. युनिटमागे ८ रुपये धरले तर ३६० रुपये झाले. शिवाय १०० युनिटच्या पुढे गेले की पुढच्या युनिटचा दर चढतो, हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको.

तरीही घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, रोज कपडे सुकलेच पाहिजेत, अशी गरज असू शकते. अशा वेळी "हीट पंप" प्रकारचा ड्रायर विचारावा. फ्रिजच्याच तत्त्वावर चालणारे हे यंत्र एकदा वापरलेली उष्णता पुन्हा वापरते, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते. वेळ जास्त लागतो आणि किंमतही बरीच जास्त असते. नळीतून दमट हवा बाहेर सोडणारा ड्रायर घेतला आणि नळी खिडकीबाहेर काढली नाही, तर सगळी ओल परत आपल्याच भिंतीत शिरते. धुणे-सुकवणे एकत्र करणाऱ्या काही मशीन वाफ थंड करायलाही पाणी वापरतात. पिंपात पाणी भरून ठेवणाऱ्या घराने हे आधी विचारावे. गरम हवेच्या यंत्राला २००० वॉटपर्यंत किंवा त्याहून अधिक वीज लागू शकते. त्याला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग हवा. शेजारून ओढलेल्या वायरवर ते कदापि लावू नये. त्याची गाळणी दर वेळी साफ करावी. तिच्यात साठलेले तंतू पेट घेऊ शकतात.

बहुतेक घरांना मात्र फिरणारा ड्रायर आणि पंखा एवढे पुरते. जुना ७५ वॉटचा पंखा ८ तास चालला तर ०.६ युनिट लागते. नव्या बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, ते पाहूनच पंखा घ्यावा. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे आणि समोरासमोरची दार-खिडकी काही वेळ तरी उघडी ठेवावी. पाळीची कापडे लाजेने दुसऱ्या कपड्यांखाली दडवू नयेत. त्यांना वारा आणि ऊन सर्वांत आधी मिळाले पाहिजे.

आपल्यातल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरी रोज महागड्या मशीनमध्ये कपडे सुकवून येतात आणि स्वतःच्या घरी ओली चादर पिळत बसतात. तिच्या मनगटाला आराम देणारे यंत्र जरूर घ्या. पण दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "पिळून काढतो, की तापवून?" आणि फिरवलेले कपडे दोरीवर टाकण्याचे काम तरी घरातल्या पुरुषांनी आपणहून उचलावे. त्याला एक युनिटही वीज लागत नाही!