कार्बन सायकल-फ्रेममधील प्रगत पदार्थ : किंमत आणि उपयुक्तता

प्रस्तावना :
१९८६ साली ग्रेग लेमाँड यांनी कार्बन फ्रेमच्या सायकलीवर 'टूर द फ्रान्स' ही शर्यत जिंकली. पुढे शर्यतीच्या सायकलींत पोलाद व ॲल्युमिनियम यांची जागा कार्बन तंतूंनी क्रमाक्रमाने घेतली. आज बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन कार्बन फ्रेमच्या किमतींतही मोठी तफावत आढळते. ही तफावत समर्थनीय आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदार्थाचे स्वरूप :
कार्बन फ्रेम ही कार्बन तंतू व इपॉक्सी राळ यांच्या संमिश्र पदार्थापासून बनते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर या संमिश्राची सुमारे १.६ ग्रॅम असते. तंतूंच्या प्रतींत मात्र भेद असतो. जपानच्या तोरे कंपनीच्या 'टी ७००' या प्रचलित तंतूचा स्थितिस्थापकता गुणांक २३० गिगापास्कल, तर 'एम ४० जे' या महागड्या तंतूचा ३७७ गिगापास्कल आहे. त्यामुळे तितकाच ताठरपणा कमी वजनात मिळतो. परंतु तुटण्यापूर्वी पहिला तंतू सुमारे २.१ टक्के ताणला जातो, दुसरा केवळ १.२ टक्के. म्हणजेच ताठरपणाबरोबर ठिसूळपणाही पदरी येतो. शिवाय तंतूंचे थर साच्यात हाताने रचावे लागत असल्याने किमतीत श्रमाचा वाटाही मोठा असतो.

लाभाचे मोजमाप :
७० किलोग्रॅम वजनाचा स्वार व ८ किलोग्रॅमची सायकल असे उदाहरण घेऊ. फ्रेम ३०० ग्रॅमने हलकी झाल्यास एकूण वजन ०.४ टक्क्यांहूनही कमी घटते. तीव्र चढावर तेवढ्याच श्रमात लागणारा वेळ साधारणतः एकूण वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणून तासाभराच्या चढावर सुमारे १४ सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना मुख्य अडथळा हवेचा असल्याने हा लाभ नगण्य ठरतो. तेथे तंतूच्या प्रतीपेक्षा फ्रेमचा आकार व स्वाराची बैठक अधिक महत्त्वाची असते. त्यातच आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलोग्रॅम ठरविले आहे. त्याखाली गेलेल्या सायकलीला शर्यतीत स्थान नाही.

निष्कर्ष :
१९८९ ची 'टूर द फ्रान्स' लेमाँड यांनी अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. अशा स्पर्धकाला १४ सेकंदांचे मोल निश्चितच आहे. सामान्य स्वाराला मात्र प्रचलित तंतूची फ्रेम बहुतांश लाभ देते. आघाताने कार्बनचे आतील थर सुटल्यास ते अनेकदा बाहेरून दिसत नाही. म्हणून शेवटच्या काही ग्रॅमांसाठी खर्च करण्यापेक्षा सुयोग्य मापाची फ्रेम व तिची नियमित तपासणी यांवरील खर्च अधिक सार्थ ठरतो.