दोषशोधक प्रोब : विराम आणि मागोवा

एम्बेडेड प्रणालीतील प्रक्रियकाचे अंतर्गत व्यवहार पाहण्यासाठी जे प्रोब वापरतात, त्यांची तुलना बहुधा किंमत आणि वेग यांवरून केली जाते. परंतु पाहण्याच्या क्रियेने प्रणालीचे वर्तनच बदलते काय, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. त्या दृष्टीने निरीक्षणाच्या दोन पद्धती संभवतात : प्रक्रियकास थांबवून पाहणे आणि तो चालू असता त्याचा मागोवा घेणे.

पहिल्या पद्धतीचा पाया १९९० मध्ये संमत झालेले आयईईई ११४९.१, म्हणजेच जेटॅग, हे मानक होय. मुद्रित मंडलावरील जोडण्या तपासणे हा त्याचा मूळ हेतू; पुढे त्याच चार संकेततारांवरून दोषशोधनही होऊ लागले. आर्मच्या एसडब्ल्यूडी पद्धतीत हे काम दोन तारांवर भागते. आज्ञावलीतील साधे तर्कदोष शोधण्यास एसटी-लिंक किंवा जे-लिंक यांसारखा प्रोब पुरेसा ठरतो.

मोटारीच्या नियंत्रकात मात्र विरामबिंदूवर प्रक्रियक थांबतो, मोटार थांबत नाही. विशेष योजना केली नसल्यास अनेक सूक्ष्मनियंत्रकांतील टायमर स्पंद पाठवीतच राहतो. प्रवाहाचे नियमन तेवढे बंद पडते. अशा वेळी ट्रान्झिस्टर जळण्याचाही संभव असतो.

येथे मागोव्याचे महत्त्व कळते. कॉर्टेक्स-एम३ सारख्या प्रक्रियकात एसडब्ल्यूओ या एका तारेवरून निवडक घटनांच्या नोंदी बाहेर पाठविता येतात. तिचा वेग सेकंदास २० लाख बिटे, प्रत्येक बाइटास १० बिटे आणि लघुतम नोंद २ बाइटांची धरल्यास सेकंदास १ लाख नोंदी होतात. ७२ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकात दोन नोंदींमध्ये ७२० आवर्तने निघून जातात. घटना याहून सतत वेगाने घडल्यास काही नोंदी गळतात. प्रत्येक आज्ञेचा क्रम हवा असेल, तर चिपमध्ये ईटीएम मंडल, सामान्यतः चार विदातारा व एक घड्याळतार, आणि जे-ट्रेससारखा प्रोब आवश्यक ठरतो.

कॉर्टेक्स-एम० मध्ये ईटीएमची सोय नाही. आणि सोय असूनही त्या तारा मंडलावर बाहेर काढल्या नसतील, तर महागडा प्रोबही निरुपयोगी होय. यास्तव कोणता दोष शोधावा लागेल याचा विचार प्रोब विकत घेताना नव्हे, तर चिप निवडताना व मंडलाची आखणी करतानाच झाला पाहिजे.