साठवणीतले धान्य आणि रोजचा स्वयंपाक : काही रूढ गैरसमज

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि त्याच्या आसपासच्या गावांत रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढली जाते आणि पुढच्या सुगीपर्यंत तीच भाकरीला पुरवली जाते. तूर, हरभरा, हुलगे आणि उन्हाळ्यात वाळवलेल्या गवारीच्या शेंगाही अशाच वर्षभर वापरात राहतात. तरीही साठवणीतले अन्न हे टंचाईतले, निकृष्ट अन्न असते अशी समजूत आढळते. 1972च्या दुष्काळात वाट्याला आलेला परदेशी लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, आणि सुकडी, म्हणजे मदत म्हणून वाटलेला कोरडा आहार, यांची आठवण तिच्यामागे असावी; पण तो दोष मदतीच्या धान्याचा होता, घरच्या कणगीचा नव्हे.

पेव, म्हणजे जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी धान्याची कोठी, गारव्यामुळे धान्य टिकवते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तोंड लिंपून बंद केल्यावर धान्याच्या आणि किडींच्या श्वसनाने आतला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडी मरतात. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतते, ते याच कारणाने.

कडुनिंबाचा पाला घातला की भुंगा लागत नाही, हेही अर्धेच खरे आहे. कडधान्यावरचा भुंगा बहुधा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे पाला तिच्यापर्यंत पोहोचत नाही. धान्य कडक वाळवणे आणि कडधान्याची डाळ करून ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण या भुंग्याला वाढीसाठी अख्खा दाणा लागतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवणे मात्र सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. ओलाव्याने त्यांतून सुटणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो.

धान्य टिकते तसे पीठही टिकेल, हा गैरसमज स्वयंपाकात रोज नडतो. अख्ख्या दाण्यात अंकुरातील तेल आणि ते फोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एकमेकांपासून बरीच अलग राहतात. दळताना ती एकत्र येतात आणि तेलाचे विघटन सुरू होते. बाजरीत तेल अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची शक्ती, जाते आणि भाकरी थापताना फुटते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने तिला स्टार्चच्या चिकटपणावरच भागवावे लागते, म्हणून अशा पिठाची आधणाच्या पाण्यात उकड काढून मळल्यास भाकरी बरीच सावरते. पीठ टिकतच नाही असा उलट निष्कर्षही चुकीचा ठरेल, कारण मराठवाड्यातील येसर, म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेले पीठ, महिनोन्‌महिने राहते: भाजण्याने ओलावा उडतो आणि विकरे निकामी होतात. पाण्यात कालवून उकळलेली येसराची आमटी भाजी नसलेल्या दिवशी भाकरीला पुरेशी होते.

जुनी डाळ शिजत नाही म्हणजे ती बियाण्यातूनच खराब आली, असे नेहमी म्हटले जाते. दमट उष्ण हवेत फार काळ राहिलेल्या डाळीतील पेशींना जोडणारे पेक्टिन सहज विरघळेनासे होते आणि बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करते. रात्रभर भिजवणे, शक्य तर हलके पाणी वापरणे आणि चिंच डाळ मऊ झाल्यावरच घालणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. खायच्या सोड्याने डाळ लवकर गळते हे खरे, पण त्याने ब1 जीवनसत्त्वाचा नाश होतो.

वाळवलेल्या भाज्यांत काहीच उरत नाही, ही समजूत क जीवनसत्त्वापुरती बव्हंशी बरोबर आहे. खनिजे आणि तंतू मात्र टिकतात.

सर्वांत घातक समज बुरशीविषयीचा आहे. बुरशी आलेले शेंगदाणे भाजून चटणीत वापरले की दोष जातो असे मानतात, परंतु त्या बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष घरगुती भाजण्या-तळण्याच्या आचेला पुरून उरते. असे दाणे जनावरांपुढे टाकणेही योग्य नाही, कारण विषाचा अंश दुधात उतरतो, आणि कुंथलगिरीच्या खव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात दूध केवळ घरापुरते नसते.