शेतकरी ‘नाही’ का म्हणतो?

अहेरी भागात धानाची रोवणी दोरी लावून, कोवळ्या पऱ्ह्यांनी करा म्हटले, की प्रश्न हमखास येतो : “सायेब, पऱ्हे मेले त वर्षभर खायाचं का?” आपण लगेच ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. पण मानवी मनच तसे आहे. मिळालेल्या पोत्याच्या आनंदापेक्षा गेलेल्या पोत्याचे दुःख जास्त बोचते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच मांडले. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्याच्या घरी एकाच हंगामाचे धान, त्याला ही भीती जास्तच.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याबाबत १९४३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बियाण्याची माहिती शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून मिळाली, पण भरवसा बसला तो शेजाऱ्यांमुळे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, सगळी शेती नको, एकच बांधी नव्या पद्धतीने रोवून पाहा. मेलेल्या जागी लावायला थोडे पऱ्हे राखून ठेवा. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी कापणीच्या दिवशी गावकऱ्यांना त्याच बांधीवर न्यावे, आणि धान सर्वांसमोर मोजावे.