स्थलांतरी पिवळे फुलपाखरू

पिअरिडी कुलातील एक फुलपाखरू. शास्त्रीय नाव कॅटोप्सिलिया पोमोना (फाब्रिसियुस, १७७५). भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया व उत्तर ऑस्ट्रेलिया येथे ते आढळते. पंखविस्तार ५५–८० मिमी. असतो. नराचे पंख वरून खडूसारखे पांढरे व बुडाशी गंधकी पिवळे असतात. मादी पांढरट ते पिवळी असून तिच्या पंखांना काळसर कडा असतात. जातीची दोन रूपे आहेत : एकाच्या शृंगिका काळ्या, तर दुसऱ्याच्या तांबूस असून त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस रुपेरी मध्य असलेले ठिपके असतात. ही रूपे पूर्वी दोन स्वतंत्र जाती मानली जात. म्हणून केवळ रंगावरून ओळख पटविणे फसवे ठरते. याच वंशातील कॅ. पिरँथे या जातीच्या पंखांच्या हिरवट खालच्या बाजूवर बारीक तपकिरी रेघोट्या असतात. पोमोनात त्या नसतात.

बहावा, कासोद यांसारखी झाडे असलेली पानझडी वने, बागा व रस्त्यांच्या कडा हे याचे वसतिस्थान होय. मादी कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालते. हिरव्या अळ्या पालवीवर वाढतात. त्यांची संख्या वाढल्यास झाड निष्पर्ण होते. नर ओल्या मातीवर घोळक्याने बसतात. प्रौढांचे थवे दूरवर स्थलांतर करीत असले, तरी प्रजनन या झाडांवरच अवलंबून असते.